धनूचं वेगळं ताट

२३ सप्टेंबर, सोमवार. सुरत.

नवनीत म्हणाला, "पप्पा, रोज थोडं लिखत जा, डोकं शांत ऱ्हास." माझं डोकं आणि शांत! शहादा डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून आयुष्य गेलं. माइकवर गाड्या पुकारून पुकारून मी घरातसुद्धा प्रवाशांशी बोलल्यासारखा बोलतो, असं धनू म्हणते. धनू म्हणजे माझी बायको. चारचौघांत मी तिला "नवनीतनी माय" म्हणतो, आणि ती मला नुसतं "आयका ना" म्हणते. नाव फक्त इथे, या डायरीत. इथे कोण वाचायला येतंय!

उद्या ऑपरेशन. जठराच्या वरच्या टोकाला कॅन्सरची गाठ आहे. केमो झाली, गाठ आकसली, आता सगळं जठरच काढणार आणि आतडं ओढून वर अन्ननलिकेला जोडणार. सर्जनसाहेब आमच्या तळोद्याकडचे निघाले, त्यामुळे मराठीत बोलतात. "आजूबाजूला काही चिकटलं असेल तर तेही काढावं लागेल," म्हणाले. मी म्हटलं, साहेब, बॉनेट उघडलंच आहे तर सगळं बघून घ्या. ते हसले. धनू हसली नाही.

काल तिने नवनीतच्या फ्लॅटवर गॅसवर वांगी भाजून भरीत केलं. सूनबाई काजल म्हणाली, मम्मी, धुराने शेजारी धावत येतील. येईनात का! कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकर, वर कच्चं तेल, बाजूला कांद्याची पात. मला कसेबसे चार घास गेले. एक घास ताटात ठेवला आणि उठलो.

हा घास ठेवणं ही आमची जुनी गोष्ट. लग्न झाल्यापासून धनू माझ्याच ताटात जेवते. मी उठलो की ती त्याच ताटात वाढून घेते. आमच्याकडच्या जुन्या बायका असंच करायच्या. बाकीच्यांनी सोडलं, हिने नाही सोडलं. काजल तिला म्हणते, "मम्मी, आता कोणी असं करत नाही हो." धनू ऐकून न ऐकल्यासारखं करते. यावर आम्ही दोघं कधी एक शब्दसुद्धा बोललेलो नाही. भांडण झालं असेल तर मी घास ठेवला म्हणजे माझा राग गेला, तिने त्या ताटात वाढून घेतलं म्हणजे तिचा गेला. माफी मागायची वेळ आमच्यावर कधी आली नाही ती यामुळे.

काल मी बाहेर टीव्हीसमोर बसलो होतो. आतून ताट ओढल्याचा आवाज आला. बरं वाटलं. उद्याचं काय ते उद्या.

३० सप्टेंबर, सोमवार.

आज पेन धरता आलं. अक्षर कोंबडीच्या पायासारखं येतंय.

पोट गेलं. आणि पांथरीही गेली, डॉक्टर तिला प्लीहा म्हणतात. गाठ पांथरीच्या मुळाशी चिकटली होती, म्हणून सर्जनसाहेबांनी तीही सोडवून काढली. जिवावरचं दुखणं असताना पांथरीचं काय घेऊन बसायचं? आमच्या लहानपणी तापीकाठी मलेरिया घरोघर असायचा. पोरांची पोटं डेऱ्यासारखी, आणि म्हातारी माणसं डाव्या बरगडीखाली दाबून सांगायची, "पांथरी वाढी गई हो यानी." पांथरीचं नाव निघायचं ते असं. अमक्याची पांथरी चांगली आहे, असं मी जन्मात ऐकलेलं नाही. म्हणजे गेली ते बरंच. ब्याद टळली.

काल सर्जनसाहेब माझ्या खाटेपाशी उभे राहून बराच वेळ समजावत होते. ताप आला तर लगेच, लस, उष्टं-खरकटं नको, गर्दी नको, असे तुकडे कानावर येत होते. मला दुखण्याच्या औषधाची गुंगी. मान सारखी छातीवर पडत होती. धनू मात्र पदर मुठीत धरून परीक्षेला बसल्यासारखी ऐकत होती. नंतर विचारीन म्हटलं, ते राहूनच गेलं. पांथरीवर एवढं बोलण्यासारखं काय असतं देव जाणे.

१२ ऑक्टोबर, शनिवार. दसरा. प्रकाशा.

घरी आलो. गाडी पुलावर आली आणि तापी दिसली तेव्हा डोळे भरून आले. नवनीतला म्हटलं काच खाली कर. धनू म्हणाली, "नको, धूळ येस." नदीवर कुठली आली धूळ? पण वाद घालायला अंगात जोर पाहिजे.

घरात पाहतो तर माझी खाट पुढच्या खोलीत, खिडकीपाशी. तिची मागे, स्वयंपाकघरालगत. मध्ये दार. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, "आठे हवा चांगली शे." ठीक.

मग जेवण. डाळ-तांदळाची पातळ खिचडी, वाटीभर. नवं कोरं स्टीलचं ताट, नवी वाटी, नवा चमचा, सगळ्यांवर मागे माझं नाव कोरून आणलेलं. बाजूला उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या, त्यावरही नाव.

"हाई काय वं?"

"ते तुम्हनं. बठ्ठं न्यारं करी टाकं आते."

"कसाले?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिला सूर्य कुठे उगवतो ते विचारलं. "कसाले म्हंजे?" म्हणाली आणि आत गेली.

सात-आठ चमचे गेले. दोन चमचे खिचडी मी ताटाच्या कडेला ठेवली. बऱ्याच दिवसांनी ठेवली, मन कसं हलकं झालं. ती आली, ताट उचललं, आणि मागच्या दारी म्हशीच्या टोपल्यात पालथं केलं. नंतर ताट राखेने नाही, साबणाने, आणि वर उकळतं पाणी ओतून धुतलं.

मी खिडकीकडे तोंड करून पडून राहिलो. घरोघर सोनं वाटायला माणसं फिरत होती. आमच्या घरी धनूने सगळ्यांचं सोनं ओट्यावरच घेतलं.

१९ ऑक्टोबर, शनिवार.

दिवसातून सात वेळा खायचं, प्रत्येक वेळी वाटीभर, तेही हळूहळू, चघळून. एक वेळचं संपेस्तोवर दुसरीची वेळ होते. धनू घड्याळ बघून वाटी आणून ठेवते आणि दारात उभी राहते. बसत नाही. तोंडावर पदर. मी खात असेपर्यंत उभी, खाऊन झालं की ताट घेऊन जाते.

आज शिरा घाईघाईत खाल्ला. अर्ध्या तासात दरदरून घाम, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधार. सुरतला फोन केला तेव्हा कळलं, पोट नसलं की गोड एकदम आतड्यात उतरतं आणि असं होतं. म्हणजे मला आता गोडाचाही धाक.

पण खरं सांगू? मला खाण्याची एवढी ओढ नाही राहिली. फौजदारी डाळ नको, बट्टी नको. ताटाशी ती नाही, याचं जास्त लागतं.

२४ ऑक्टोबर, गुरुवार.

उमाकांत आला होता. शहादा-सुरत गाडीवर ड्रायव्हर होता, माझ्याआधी वर्षभर रिटायर झाला. डेपोत माझ्याशी रोज भांडायचा आणि रोज माझ्याच डब्यात जेवायचा. जरासं शिंकत होता, एवढंच. धनूने त्याला ओट्यावरच अडवलं.

"भाऊ, सर्दी शे ना तुम्हले. वट्टावर बठा, मी च्या आनस."

"वहिनी, मी काय परका शे का?"

"परका नही. पन आत नका."

मला तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. माणूस वीस कोसांवरून आला आणि खिडकीच्या गजातून माझ्याशी बोलला, तुरुंगात भेटायला आल्यासारखा! जाताना आवाज खाली आणून म्हणाला, "पितांबर, राग नको मानू. लोके म्हंतस, हाई बिमारी लागस. वहिनीले कोनी तरी भरी दिन्हं व्हई."

मी म्हटलं, गप रे, येडा शे का. कॅन्सर असा लागत नाही, हे शाळकरी पोरालाही माहीत आहे.

पण धनूला माहीत आहे का? वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळी खोली, तोंडाला पदर. तो गेल्यापासून हेच डोक्यात फिरतंय. इतके दिवस दिसत होतं, मीच बघत नव्हतो.

२ नोव्हेंबर, शनिवार. पाडवा.

सुरतहून नवनीत, काजल आणि नात जागृती आले. जागृतीला शाळेतून खोकला आलेला. धनूने तिला मागच्या खोलीत ठेवलं आणि मधलं दार लावून घेतलं. पोरगी दाराच्या फटीतून ओरडली, "दादाजी, माले खोकला शे म्हनीसन माले बंद करी दिन्हं!"

मी धनूवर ओरडलो. एवढा ओरडलो की टाक्यांची जागा ओढली गेली. "पोर शे ती! मन्हाजोडे येवाले पन चोरी का?" धनू डोळे पुसत फोडणी देत राहिली. काजल म्हणाली, "पप्पा, मम्मींना समजून घ्या, त्यांना किती भीती वाटते." भीती! म्हणजे सुनेलाही ठाऊक आहे. कदाचित सुनेनेच शिकवलं असेल. ताटाचं तिला आधीपासून खुपत होतंच.

संध्याकाळी धनूने पाडव्याचं ओवाळलं. ताट लांब धरून, हात पुढे करून. कुंकू लावायला बोट कपाळाला टेकलं न टेकलं. आधी दर पाडव्याला ती कुंकू लावताना मुद्दाम अंगठा जोरात दाबायची आणि मी "आई गं" म्हणायचो. सगळे हसायचे. यंदा कोणी हसलं नाही.

२० नोव्हेंबर.

मतदानाला नेलं नाही. गर्दी म्हणे. जन्मात पहिल्यांदा बोटाला शाई नाही.

२८ नोव्हेंबर, गुरुवार.

आणखी एक सुई. ही न्यूमोनियाच्या पुढची कुठलीशी लस. मी म्हटलं, पोट काढलं माझं, फुप्फुसं शाबूत आहेत, कशाला टोचता? धनूने डॉक्टरांसमोरच मला गप्प केलं. मी माइकवर बोलायचो ना, तशी बोलली. "लावा हो, तुम्ही लावा. यास्नं नका आयकू."

स्वतःला जपते आहे की मला टोचते आहे, कळेना. मी मुकाट्याने दंड पुढे केला.

१४ डिसेंबर, शनिवार. दत्तजयंती.

सारंगखेड्याची यात्रा आज सुरू. घोडे बघायला जायचं म्हटलं. नुसतं गाडीतून, खाली उतरणार नाही म्हटलं. नाही म्हणाली. घरासमोरून जीप, टेम्पो, ट्रॅक्टर भरभरून जात होते, कोणाच्या डोक्यावर फेटे, कोणाच्या मांडीवर पोरं. मी खिडकीत.

लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही दोघं सारंगखेड्याला गेलो होतो. तेव्हा माझी नोकरी नवी. एका पानात भजी घेतली. चारचौघांत माझ्या पानातलं खायला ती लाजली, म्हणून मी पान तिच्या हातात दिलं आणि घोडे बघायला पुढे गेलो. परत आलो तर पान रिकामं, आणि ती पदराने ओठ पुसतेय. मी काही बोललो नाही, तीही नाही. पण त्या दिवशी मला कळलं की ही बाई माझी आहे.

आज ती दहा पावलांवर स्वयंपाकघरात आहे. तवा वाजतोय, बांगड्या वाजताहेत, खाकरलेलं ऐकू येतंय. आणि मला तिची आठवण येतेय! घरातल्या घरात बायकोची आठवण येते, हे कोणाला सांगू? उमाकांतला सांगितलं तर महिनाभर हसेल.

४ जानेवारी, शनिवार.

विचारावं असं रोज ठरवतो. पण विचारायचं कसं? "तू माझं उष्टं का खात नाहीस?" असं कोणी नवरा विचारतो का? जी गोष्ट आम्ही कधी बोललोच नाही, ती गेली म्हणून तक्रार कुठल्या तोंडाने करू? आणि ती म्हणाली की हो, मला किळस येते, तर मग? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

तीही वाळलीय. गळ्याखालची हाडं दिसतात. माझी वाटी होते, मग पुढची वाटी, ती जेवते कधी ते कळत नाही. मला असं वाटतं की तिला अन्न जात नसेल ते माझ्यामुळेच. घरात आजारी माणसाचा वास असतो. तो मलासुद्धा येतो.

११ जानेवारी, शनिवार.

आज हिवाळी वांग्यांचं भरीत केलं माझ्यासाठी. बिनमिरचीचं, मऊ, गाळून घेतल्यासारखं. वास तोच. मी हट्टाने एक चांगला मोठा घास ठेवला. मध्यभागी, दिसेल असा. म्हटलं, देवा, एवढं एक दाखव.

ती आली. ताटाकडे पाहिलं. थांबली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बसेल. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, मी शपथेवर सांगतो. मग ताट उचललं आणि मागच्या दारी गेली.

म्हातारा माणूस भरितासाठी रडतो, लिहायलाही लाज वाटते. पण रडलो. पाठ फिरवून, पांघरूण घेऊन.

२० जानेवारी, सोमवार.

सकाळपासून अंगात कणकण आहे. पाय दुखताहेत. थंडीचे दिवस आहेत, वारा लागला असेल.

धनूला सांगणार नाही. नुसतं उमाकांत शिंकला तर त्याला ओट्यावर बसवलं. मला ताप म्हटलं तर माझी खाट थेट गोठ्यात जाईल. ड्रॉवरमधली तापाची गोळी घेतली आहे. सोमवार असल्यामुळे ती केदारेश्वराला गेलीय, येईस्तोवर उतरेल.

थंडी वाजतेय. दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजताहेत. हात हलतो

२८ जानेवारी, मंगळवार. नंदुरबार, दवाखाना.

मेलो नाही. पण थोडक्यात हुकलं. काय झालं ते आठवतंय तेवढं आणि नवनीतने सांगितलं तेवढं लिहितो.

धनू देवळातून आली, नेहमीसारखी दारात उभी राहून म्हणाली, पेज आणू का. मी उत्तर दिलं नाही म्हणून आत आली, गोधडी ओढली आणि माझ्या कपाळावर तळहात ठेवला. किती महिन्यांनी! तापात होतो तरी मला तो हात कळला. मी म्हणालोसुद्धा म्हणे, "ऱ्हाऊ दे, काढू नको."

तिने बोंबच मारली. "अंग पेटी ऱ्हायनं तुम्हनं! कव्हयपासून शे?"

"सक्कायपासून."

"आनि माले सांगं नही?"

कमरेच्या पिशवीतून तिने एक गोळी काढली आणि माझ्या तोंडात घातली. सुरतच्या डॉक्टरांनी तापासाठीच दिलेली गोळी. ऑपरेशन झाल्यापासून ती कमरेला बांधून फिरत होती, झोपतानासुद्धा, आणि मला पत्ता नाही. मग अनवाणी गल्लीत धावली. समोरच्या दलसिंगची जीप पपई भरून उभी होती. तिने त्याला पपई खाली ओतायला लावली आणि मला उचलून घातलं. जीपमध्ये माझं डोकं तिच्या मांडीवर होतं. नंदुरबारपर्यंत ती काय बडबडत होती ते आठवत नाही, पण पदर तोंडावर नव्हता.

चार दिवस अतिदक्षता विभागात. इथला तरुण डॉक्टर चांगला आहे. मी शुद्धीवर आल्यावर त्याने आधी मला झापलं. "काका, पांथरी नाही तुम्हाला! ताप अंगावर काढायचा नाही, हे माहीत नाही?"

मी म्हटलं, पांथरीचा आणि तापाचा काय संबंध? पांथरी तर वाईट असते ना?

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग स्टूल ओढून बसला. पांथरी वाईट नसते म्हणाला. ती रक्तातली राखणदार. जंतू आला की तिथे धरला जातो. मलेरियात ती फुगते ते काम करून करून. आता ती नाही, म्हणून दुसऱ्याला साधी सर्दी देणारा जंतू माझ्या रक्तात काही तासांत माजतो. "काकूंनी गोळी देऊन दोन तासांत आणलं म्हणून आहात. संध्याकाळ झाली असती तर मी काही करू शकलो नसतो."

धनू कोपऱ्यात उभी होती. डॉक्टर गेल्यावर पुढे आली.

"तुम्हले सांगं व्हतं ना सुरतले! तुम्हना समोर सांगं. तुम्ही मान हालावत व्हतात!"

"मान नही हालावत व्हतू वं. मी पेंगत व्हतू."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "मंग इतला दिन तुम्हले काय वाटनं? मी न्यारं ताट कसाले करं? पोरले दूर कसाले ठेवं?"

मी छताकडे बघत सांगितलं. एकदाचं सांगून टाकलं. "माले वाटनं, तुले मन्ही घिन येस."

मी मान वळवून पाहिलं तर तिचं तोंड उघडं, डोळे मोठे. मग एकदम खाली बसली, खाटेच्या लोखंडावर डोकं टेकलं आणि रडायला लागली. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. "घिन?" म्हणत होती. "तुम्हनी? माले? मन्हं तोंड तुम्हना ताटले लागाले नको म्हनीसन... मन्हा तोंडना जंतू तुम्हले जाई म्हनीसन... तो भरीतना घास म्हशीले टाकताना मन्हा जीव कसा व्हयना, माले माहीत!"

मी हात पुढे केला. सलाईनचा हात. तिने तो दोन्ही हातांत धरला. बाकी वॉर्ड बघत होता, बघू दे म्हटलं.

९ फेब्रुवारी, रविवार. प्रकाशा.

घरी आलो. येताना डॉक्टरला दोघांनी मिळून सगळं विचारून घेतलं, या वेळी मी टक्क जागा. एका खोलीत झोपलं तर चालतं. बिनखोकल्याच्या नातीला मांडीवर घेतलं तर चालतं. माझी खाट परत जागेवर आलीय.

ताटाचं मात्र धनूने ऐकलं नाही. मी म्हटलं, मी जेवून उठल्यावर तू त्या ताटात वाढून घे आणि मग उकळत्या पाण्यात टाक, डॉक्टर नाही म्हणालेला नाही. "आनि धोवाले कसर ऱ्हायनी ते?" म्हणाली. "मी विधवा व्हसू एक घासकरता?" तो घास आता गेला तो गेलाच, हे मी समजून चुकलो.

१६ फेब्रुवारी, रविवार.

आज दुपारी घेरी येऊन ती चुलीपाशी बसली. मी घाबरलो. विचारलं तर म्हणे, काही नाही, पोटात काही नव्हतं.

"जेवनी नही का?"

"तुम्हनं व्हवू द्या मंग मी."

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. ताट वेगळं झालं, पण रीत तशीच. माझं जेवण झाल्याशिवाय ती जेवत नाही. आणि माझं जेवण आता दिवसभर होतच नाही! एक वाटी संपली की दुसरी. ती उभी राहते, वाट बघते, आणि संध्याकाळी कधीतरी उभ्या उभ्या काहीतरी तोंडात टाकते. इतके महिने.

मी माइकच्या आवाजात सांगितलं, "उद्यापासून मन्हासंगे बठानं."

"तुम्हना आधी?"

"आधी नही. संगे."

"लोके काय म्हंतीन?"

"कोठे शेतस लोके? म्हैस शे फक्त."

ती पदरात हसली. पण हो म्हणाली नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार.

आज बसली. माझ्या खाटेसमोर पाट घेतला, दोन हात अंतर ठेवून. तिचं ताट तिच्यापुढे, माझी वाटी माझ्यापुढे. भाकर, मेथीची भाजी, एक मिरची. आणि तोंड भिंतीकडे करून बसली, नव्या नवरीसारखी.

"इकडे दख ना."

"तुम्ही दखू नका ना. घास उतरत नही."

मी खिडकीकडे बघितलं. थोड्या वेळाने चोरून इकडे बघितलं.

आणि मला कळलं की मी हे आधी कधी पाहिलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून मी उठायचो, मग ती बसायची. भांड्यांचा आवाज ऐकला, रिकामं ताट पाहिलं, पण ती जेवताना कशी दिसते ते ठाऊक नव्हतं मला. ती भाकर कडेने गोल गोल तोडत येते, मधला मऊ भाग शेवटी राहतो. मिरची भाजीआधी चावते आणि सूं करते, पोरीसारखी. घास घेताना डोळे मिटतात. आणि एकाच बाजूने चावते, डाव्या.

"दाढ कव्हय पडनी तुन्ही?"

"कोनती? दोन पडन्यात. एक तुम्ही डेपोमा व्हतात तव्हा."

"दुखनी का?"

"व्हय, दुखनी." आणि पुढचा घास घेतला.

मार्चमध्ये सुरतला स्कॅन आहे. काय निघेल ते निघेल. आज मला एवढंच सुचलं की आपण आधी उठायचं नाही. वाटीत चार चमचे पेज उरली होती. एकेक चमचा चघळत, गार झाली तरी चघळत, तिचा भाकरीचा शेवटचा मऊ तुकडा संपेपर्यंत मी ती पेज पुरवली. उद्या तिला म्हणणार आहे, अर्धी भाकर आणखी घे.